‘जाड गोधडीला जाड दोरा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मशीनवर गोधडी शिकणाऱ्या प्रत्येकीने वाचावे’ असा एक मेसेज सध्या सातारा-सांगलीकडच्या बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात पाच नियम आहेत. गोधडी जाड, म्हणून दोराही जाड घ्या. पॉलिस्टरचा दोरा सुती कापड कापतो, सुतीच वापरा. शिकताना पारदर्शक नायलॉन दोरा लावा, म्हणजे चुका दिसत नाहीत. पायाच्या मशीनवर हे काम होत नाही. आणि हात बसेपर्यंत फक्त कागदावर सराव करा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हे नियम पाळून बसलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य असतं, “दोरा सारखा तुटतोय ताई, माझ्या हातालाच जमत नाही.” त्यांच्या हाताचा काही दोष नसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जाड दोऱ्याचा नियम हाताच्या शिलाईतून आलाय आणि तिथे तो बरोबरच आहे. आपल्या आज्या वाकळ शिवायच्या तो धावदोरा एकेरी. तोच एक दोरा सगळे थर धरतो, टाके लांब पडतात, त्यामुळे दोऱ्यात दम लागतो. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा आणि खालच्या रिळीचा, म्हणजे बॉबिनचा दोरा थरांच्या मधोमध एकमेकांत अडकतात आणि एका इंचात आठ-दहा टाके पडतात. नवरात्राआधी दसरा काढताना ओली गोधडी उचलायला दोघी लागतात, तेव्हाची सगळी ओढ एवढ्या टाक्यांत वाटली जाते. म्हणून बारीक दोराही पुरतो.

जाड दोऱ्याने मात्र नवशिकीचे हाल होतात. कापडात बसण्याआधी वरच्या दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या डोळ्यातून कितीतरी वेळा वर-खाली घासला जातो. डोळा लहान आणि दोरा जाड असला की त्याचे पीळ सुटतात, तंतू निघतात आणि तो तुटतो. मग ती टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू पिळते. खालचा दोरा वर दिसू लागतो. पुन्हा सैल करते, तर कापडाखाली दोऱ्याचे झुपके. अशा अर्ध्या तासात माणसाचा धीर जातो.

विकत घेताना रिळावरचा नंबर बघा. नंबर मोठा तितका दोरा बारीक. सुती दोऱ्यात ४० हा ५० पेक्षा जाड, ६० त्याहून बारीक. पॉलिस्टरच्या रिळांवर १२० वगैरे लिहिलेलं असतं, ती मोजणी वेगळी, तिची सुतीशी तुलना करत बसू नका. सुरुवातीला ५० नंबरचा सुती किंवा नेहमीच्या शिलाईचा चांगला पॉलिस्टर घ्या आणि १४ नंबरची नवी कोरी सुई लावा. सांगलीच्या कापड पेठेत गेलात तर सुई आणि दोरा एकाच वेळी घ्या, कारण ही जोडी जुळली पाहिजे. जुळली की नाही हे घरीच कळतं. सुई मशीनमधून काढा, हातभर दोरा ओवा, दोरा ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनाने सरसर खाली आली तर जोडी बरोबर. अडकत असेल तर सुईचा नंबर वाढवा किंवा दोरा बारीक घ्या.

आणि खाली झुपके आले की स्क्रूला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा, तोही प्रेशर फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबणारा पाय वर उचलून. पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या घट्ट असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

पॉलिस्टर कापड कापतो, हे सांगताना जुन्या सुती वाकळा किती टिकल्या याचा दाखला देतात. पण त्या काळी दुसरा दोरा होताच कुठे? पॉलिस्टरचा धागा १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला, आपल्या बाजारात यायला त्यानंतर बराच काळ गेला. आज अंगावरचे सुती सदरेसुद्धा पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेले असतात आणि ते शिवणीवर कापले जात नाहीत. कापड फाटतं ते जाड सुईने आणि फार बारीक टाक्याने. भोकं एकमेकांना चिकटली की पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते. टाका अडीच-तीन मिलिमीटरचा ठेवा, ही भीती राहत नाही. शिवाय आता गोधडीत जाणाऱ्या जुन्या साड्या तरी कुठे सगळ्या सुती असतात! सुती दोरा मऊ, कडक इस्त्री सोसतो, पण त्याची रुई शटलमध्ये साचते, ती ब्रशने काढत राहावं लागतं. पॉलिस्टर ओलीत कुजत नाही. दोन्ही चालतात. फक्त हाताच्या शिलाईसाठी मेण चढवलेला दोरा येतो तो मशीनला लावू नका, त्याचं मेण टेन्शनच्या चकत्यांत बसतं.

नायलॉनचा नियम तर आधीच्या नियमालाच छेद देतो: सुतीच वापरा म्हणायचं आणि लगेच नायलॉन लावायला सांगायचं. हा दोरा निसरडा, ताणला जाणारा, गरम इस्त्रीने वितळणारा, आणि त्याची टोकं अंगाला टोचतात. चुका लपवायच्याच असतील तर नक्षीदार साडी वर घ्या, तिच्यातल्या मुख्य रंगाचा दोरा लावा आणि बॉबिनमध्येही तोच रंग भरा. टेन्शन थोडं इकडेतिकडे झालं तरी दिसत नाही.

पायाच्या मशीनवर होत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याकडचं मशीनचं भरतकाम आठवावं. बायकांनी प्रेशर फूट काढून, रिंग लावून याच मशीनवर वेलबुट्ट्या काढल्यात. पायाचा वेग आपल्या ताब्यात असतो, शिकताना हा फायदाच आहे. वरचा थर पुढे सरकत असेल तर प्रेशर फूटचा दाब कमी करा, वरच्या स्क्रूने होतो. खरी अडचण जागेची असते. गोधडीची गुंडाळी करून ती मशीनखालून न्यावी लागते आणि तिचं वजन लोंबलं की टाके वेडेवाकडे होतात. डाव्या हाताला मशीनच्या उंचीचं टेबल ठेवा.

राहिला कागद. कागदावर रेघ धरायला हात शिकतो, पण थर कसे ओढतात, कुठे फुगतात, हे कागद सांगत नाही. ज्या साड्यांची गोधडी करायची त्यांचेच तुकडे घ्या, तितकेच थर रचून वीतभर चौकोन करा आणि दोरा, सुई, टेन्शन तिथे जमवा. मग थेट बाळाचं दुपटं घ्या. चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला, खडूने सरळ रेघा मारा, मधल्या रेघेपासून कडेकडे शिवत या. नजर सुईवर नको, तिच्या दोन बोटं पुढे. रेघ वाकली तर उसवत बसू नका, पुढची रेघ नीट मारा. दुपटं एकदा धुऊन वाळलं की सुती कापड थोडं आटतं, सुरकुत्या पडतात, त्यात अशी रेघ सापडतही नाही. एक दुपटं पुरं झालं की त्याच सुईने, त्याच दोऱ्याने मोठी गोधडी मांडायला हरकत नाही.