ब्रेक ऑइल ‘उडून’ जात नाही: एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘मोटरहोम आणि ट्रॅव्हलरवाल्यांनो, ब्रेकच्या नावाखाली चाललेली लूट ओळखा’ असा त्याचा मथळा असून खाली ‘एक अनुभवी मिस्त्री’ एवढीच सही आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ब्रेक ऑइल उष्णतेने उडून जाते, म्हणून कमी झाले की भरत राहावे, गाडीखाली डाग नसेल तर गळती नाही, वाटेत ऑइल संपले तर पाणी, खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालून पुढे जावे, चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी रबरी होज (लवचीक नळी) फुटल्याशिवाय बदलू नये, आणि एखादी गळालीच तर पक्कडीने चेपून, तारेने बांधून तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी चालवावी.

असले संदेश मी एरवी न वाचता पुसतो. हा मात्र कोथरूडच्या माझ्या भावोजींनी ‘बघ रे, तो गॅरेजवाला उगाचच होज बदला म्हणत होता’ अशा विजयी शेऱ्यासह पाठवला. भावोजींनी जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसवर मोटरहोम, म्हणजे चालतेफिरते घर, बांधून घेतले आहे, त्यातले ब्रेक ऑइल दर महिन्याला कमी होते, आणि लवकरच ते ताईला व नातवंडांना घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरणार आहेत. तेव्हा गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो. ‘पातळ असले की काहीही चालते, जुने लोक एरंडेल घालत.’ यातील एरंडेलाची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण खरोखरच वापरले जाई. परंतु तेव्हाचे सील नैसर्गिक रबराचे असत आणि गाड्यांचे वजन व वेग आजच्यासारखे नव्हते. आजचे डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हे नावाला ‘ऑइल’ असले तरी तेल नव्हेच. ते ग्लायकॉल इथरवर आधारित द्रव असून त्याला चालणारे ईपीडीएमसारखे कृत्रिम रबर खनिज तेलाच्या स्पर्शाने फुगते. मास्टर सिलिंडरमधला (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मुख्य सिलिंडरमधला) फुगलेला रबरी कप ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र झाकून टाकतो, त्यामुळे पाय काढला तरी दाब उतरत नाही, लाइनर (ब्रेकची घासून चाक थांबवणारी अस्तरे) घासत राहतात आणि चाके तापतात. एकदा इंजिन ऑइल आत गेले की नुसते धुऊन भागत नाही; मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. लूट थांबवायला निघालेल्या मिस्त्रींनी या खर्चाचा हिशेब मांडलेला नाही.

सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने असा उद्योग केला आहे का, हे घरीच कळते. टाकीचे झाकण उघडून त्याच्या आतला रबरी पडदा पाहावा. तो फुगून सैल, लाटा आल्यासारखा झाला असेल आणि झाकणात नीट बसत नसेल, तर खनिज तेलाचा संशय घ्यावा. मग टाकीतले दोन-चार थेंब काचेच्या ग्लासातील पाण्यात टाकावेत. खरे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. तेलाचा तवंग वर तरंगतो.

पाण्याविषयी तर मला वाद घालण्याचीही गरज नाही, कारण ते बाटलीवरच लिहिलेले असते. ‘डॉट’ हे वर्गीकरण ज्या अमेरिकी मानकातून आले, त्या मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ नुसार प्रत्येक डब्यावर इशारा छापणे बंधनकारक आहे: घाण, पाणी, पेट्रोलियमजन्य पदार्थ किंवा इतर काहीही मिसळल्यास ब्रेक निकामी होऊ शकतात. त्याच मानकानुसार डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १४० अंश असावा लागतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे हवेतून शिरलेल्या थोड्याशा ओलाव्याने पासष्ट-पंचाहत्तर अंशांची घट होते, आणि हे गृहस्थ थेट १०० अंशांना उकळणारे पाणी ओतायला सांगतात. साडेतीन टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा सोडते, ती सुमारे ५० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. त्यातली काही इंजिन पेलते, तीही तुम्ही खालच्या गिअरमध्ये उतरत असाल तर. बाकीची ब्रेकमध्ये जाते. आतल्या पाण्याची वाफ झाली की ती दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. पुढे गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक लागते, आणि चालक ‘आता बरोबर आहे’ म्हणून पुढच्या उताराला निघतो.

आता ‘उडून जाण्या’बद्दल. पातळी काही अंशी आपोआप उतरते, हे खरे आहे. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि ती जागा भरायला टाकीतले ऑइल खाली जाते. पण ही उतरण्याची क्रिया पॅडच्या आयुष्यभर संथपणे चालते आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की पातळी पुन्हा वर येते. दर महिन्याला ‘मिनिमम’च्या रेषेखाली जाणारी टाकी गळतीच दाखवत असते.

‘जमिनीवर डाग नाही’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणूनच तो जास्त पसरतो. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (लाइनर ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) गळू लागला की ऑइल आधी लाइनरवर आणि ड्रमच्या आत जाते; चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओल दिसेपर्यंत बरेच दिवस जातात. सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट हलकेच उचलून पाहिले की आत ओल सापडते. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले तर ऑइल व्हॅक्यूम बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) उतरते आणि बाहेर थेंबही पडत नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो त्या सांध्याखालचा रंग फुगून सोलला आहे का, हे पाहावे. ग्लायकॉल इथर रंग खाते. शंका असेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो थोडा पुढे ओढावा आणि मागे बोट फिरवावे. काही गाड्यांत क्लचलाही याच टाकीतून ऑइल जाते, तेव्हा चारही चाके कोरडी सापडली तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच हलवणारा सिलिंडर) तपासावा. समुद्रकाठी वरचेवर मुक्काम करणाऱ्या गाडीत चॅसिसवरून जाणारे लोखंडी पाइप पट्ट्यांखाली गंजतात, तेही बघावेत.

होजच्या बाबतीत संदेशकर्त्याचा मूळ समजच चुकला आहे. होज किलोमीटरवर जशी झिजते तशी वयानेही बाद होते, आणि मोटरहोम वर्षाचे बरेच महिने उन्हात उभे असते. उलट चालते तेव्हा पलंग, बॅटऱ्या, गॅस आणि पाण्याची टाकी घेऊन, म्हणजे कायम भरलेलेच. बाहेरून अभंग दिसणाऱ्या होजचे आतले अस्तर फुगून झडपेसारखे वागू लागते: पायाचा दाब ऑइल पुढे ढकलतो, पण ते परत येत नाही. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक जास्त तापत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ते चाक जॅकवर उचलून फिरवून पाहावे. फिरत नसेल तर निप्पल (चाकाजवळचा, हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सोडावा. चाक मोकळे झाले म्हणजे दाब अडकला होता. पुढच्या वेळी चाक अडकले की होजच्या आधीचा, म्हणजे लोखंडी पाइपाकडचा नट सोडावा; त्याने चाक सुटत नसेल आणि निप्पलने सुटत असेल, तर दोष होजमध्ये आहे. बाहेरच्या तपासणीत टोकाच्या धातूच्या पकडीजवळ होज वाकवून भेगा पाहाव्यात, आणि दुसऱ्याला पेडल दाबायला लावून फुगवटा येतो का ते पाहावे. मागच्या ॲक्सलवर उतरणारी मधली होज सगळेच विसरतात.

पक्कडीने चेपण्याबद्दल एवढेच सांगतो की आतले अस्तर त्यानेच फाटते. शिवाय ‘तीन चाकांचे ब्रेक’ हे मनाचे मांडे आहेत. तार सुटली तर आजच्या दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये त्या चाकासोबत त्याच सर्किटवरचे दुसरे चाकही जाते. आडरानात अडकलेली गाडी सपाट रस्त्याने, चालण्याच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा तो नाइलाज असू शकेल, पण घाट उतरायचा असेल तर गाडी टोइंग करूनच न्यावी.

होज बदलताना डाव्या-उजव्या जोडीनेच बदलाव्यात. पुण्यातल्या नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारातून घ्या किंवा कंपनीची घ्या, वर छापलेली निर्मितीची तारीख वाचा. दुकानात पडून राहिलेली होजही म्हातारी होते. अमेरिकी मानक १०६ प्रमाणे बनलेल्या होजवर समोरासमोर दोन रेघा असतात. बसवताना होजला पीळ पडला की त्या रेघा वळलेल्या दिसतात, शोभेसाठी त्या नसतात. पाइपाचे नट साध्या पान्याने गोल होतात, तिथे फ्लेअर नट स्पॅनरच (नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा पाना) लावावा, आणि तांब्याचे वॉशर जुने परत वापरू नयेत. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून होज टायरला घासत नाही ना, ते पाहावे.

होज बदलताना ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढण्याचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो पाळावा. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतील भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी झडप) असेल तर ॲक्सल लोंबकळत ठेवून हवा काढू नये, कारण गाडी रिकामी आहे असे समजून तो व्हॉल्व्ह मागचा प्रवाह कमी करतो. शेवटी इंजिन चालू ठेवून एकाने पेडल जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघावा. भावोजींनी एवढे करून घेतल्यावर टाकीवर पातळीची खूण करावी आणि ताम्हिणीला निघण्याआधी काही दिवस गाडी गावातच फिरवून ती खूण पुन्हा पाहावी.