हानोईशी ३६ चा आकडा

व्हिएतनामच्या राजधानीत, म्हणजे हानोईत, पायी फिरायला निघताना मी नकाशा हॉटेलवरच ठेवला. कारण ज्याचे बालपण पुण्यातल्या तांबट आळीत आणि बोहरी आळीत गेले, त्याने नकाशा पाहून चालणे हा पेठेचा अपमान होय, असे माझे मत होते. शिवाय ल्यी थाय तो या राजाने १०१० साली राजधानीसाठी निवडलेल्या या शहराचा जुना भाग ‘३६ गल्ल्या’ म्हणूनच ओळखला जातो, आणि बहुतेक गल्ल्यांना तिथे पूर्वी विकल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव आहे. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग दुओंग साखरेची, हांग बो टोपल्यांची. आमचे हॉटेल टोपल्यांच्या गल्लीत होते. यात चुकण्यासारखे काय आहे?

सकाळ होआन किएम तलावाकाठी छान गेली. मिंग फौजांना हाकलून लावल्यावर ले लोई राजाकडून दैवी तलवार इथल्या कासवाने परत मागून घेतली, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या नावाचा अर्थच ‘परत केलेली तलवार’ असा आहे. देवीने तलवार दिल्याची कथा आपल्याकडेही आहे, पण काम झाल्यावर दिलेली वस्तू आठवणीने परत मागणारे ते कासव मला जास्त पेठेतले वाटले.

मग रस्ता ओलांडण्याची वेळ आली. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मी जन्मजात सवयीने उजवीकडे पाहत राहिलो आणि स्कूटरींचा लोंढा डावीकडून आला. थबकणे, धावणे आणि अर्ध्यातून मागे फिरणे या पुण्यात कमावलेल्या तिन्ही कला तिथे वर्ज्य आहेत. एकाच संथ चालीने पुढे जात राहावे, म्हणजे स्कूटरी आपल्या दोन्ही बाजूंनी वळून जातात. पत्नी तशी गेली. मी पाच मिनिटांनी एका आजीबाईंच्या आडोशाने पोहोचलो.

तलावाकडून हांग दाओ रस्त्याने सरळ निघालो, तर एका चौकानंतर तोच रस्ता, तसूभरही न वळता, हांग न्गांग झाला, पुढे हांग दुओंग झाला आणि शेवटी दोंग स्वान बाजारापाशी नेऊन सोडता झाला. परत फिरून लोकांना विचारू लागलो. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत, आणि माझ्या ‘बो’ला त्यांतला एकही लागत नसावा, कारण एकाने आम्हाला कापसाच्या हांग बोंगकडे धाडले, दुसऱ्याने तराफ्यांच्या हांग बे या गल्लीकडे. दरवेळी आम्ही त्याच चौकात परत येत होतो.

शेवटी मी ठेवणीतला शब्द काढला. रस्त्याला ‘फो’ म्हणतात, एवढे मी वाचले होते. कोपऱ्यावरच्या टपरीवालीला मी आर्जवाने ‘फो?’ असे विचारले, आणि तिने तत्परतेने आम्हाला वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसवून शेवयांच्या सूपचे दोन वाडगे भरायला घेतले. त्या सूपचे नावही आपल्या कानाला ‘फो’च ऐकू येते. आता बसलोच आहोत तर निदान चहा घ्यावा, म्हणून मी ‘चाय’ म्हणालो. तिने माझ्याकडे आदराने पाहिले, वाडग्यातले मांसाचे काप काढले, रस्सा ओतून टाकला आणि दुसऱ्या पातेल्यातला पाणीदार रस्सा घालून वर टोफूचे तुकडे ठेवले; कारण तिकडे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. माझे पाय दुखत होते, पत्नीची सहनशक्ती संपली होती. ती आपल्या माहेरच्या, साताऱ्याकडच्या पद्धतीने करवादली, “अहो, चा सांगा, चा!” आणि टपरीवालीने लगेच बर्फ घातलेल्या चहाचे दोन पेले पुढे केले. हानोईत चहाला ‘चा’च म्हणतात.

आता मी निमूटपणे हॉटेलचे कार्ड टपरीवालीपुढे धरले. तिने ते वाचले, आमच्याकडे जरा काळजीने पाहिले आणि हातातला डाव वर केला. माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर निळी पाटी होती : हांग बो. ज्या चौकात आम्ही तीनदा उभे राहिलो होतो, त्याला फुटणाऱ्या चार रस्त्यांची चार नावे होती, आणि त्यांतले हे एकच आम्ही वाचले नव्हते.

पत्नीने वर पाहिलेच नाही. तिने आणखी एक चा मागवला.