‘मालकाला वेळेची किंमत नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

गेल्या रविवारी तुम्ही आमच्या मुंबईतल्या फोर्ट भागातल्या सकाळच्या फोटो वॉकला आलात आणि एक तारा दिलात. तक्रारी चार आहेत. कॅमेऱ्याला झूम नव्हता, फोटोंत आभाळात काळा ठिपका येत होता, सीएसएमटीवर ऊन नव्हतं, आणि शेवटची, ‘६:४० ची वेळ देऊन साडेसातला सुरू केलं, मालकाला वेळेची किंमत नाही.’

ठिपक्याची मनापासून माफी मागतो. तो पूर्णपणे आमचा दोष. वॉकला आम्ही देतो तो रिको जीआर थ्री कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि त्या ये-जा करण्यात धूळ सेन्सरवर जाऊन बसते. एरवी दिसत नाही, पण अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/११ इतकं लहान केलं की मोकळ्या आभाळात उठून दिसते. दर शनिवारी रात्री पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मी प्रत्येक कॅमेरा तपासतो. त्या शनिवारी राहून गेलं. ज्या फोटोंत ठिपका आलाय ते पाठवा, एकेक साफ करून देतो.

झूम नाही हे बुकिंगच्या वेळी सांगितलेलं असतं. २८ मिमी लेन्सइतकं रुंद दृश्य टिपणारी एकच लेन्स आहे, म्हणूनच तो कॅमेरा बॅटरी आणि मेमरी कार्डासकट २५७ ग्रॅमचा आहे आणि खिशात मावतो, तरी आत सेन्सर मात्र अनेक डीएसएलआरमध्ये असतो तेवढा, एपीएस-सी आकाराचा आहे. गेटवेच्या कठड्यावर चहा पीत बसलेल्या माणसासमोर मोठी लेन्स धरली तर तो आखडतो. या कॅमेऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. रोजच्यासारखं शहर टिपायचं तर मला हाच योग्य वाटतो. तुम्हाला नाही आवडला, ठीक आहे, आवड वेगळी असू शकते.

पण वेळेचं जे लिहिलंत ते मनाला लागलं, सर. फोटो वॉक सुरू करण्याआधी मी अकरा वर्षं लग्नाचे फोटो काढले. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण कुणी तुमच्यासाठी पुन्हा करत नाही. त्या अकरा वर्षांत माझा एकही मुहूर्त चुकलेला नाही. त्यामुळे ‘वेळेची किंमत नाही’ हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या सकाळी काय झालं ते सांगतो. जमायची जागा रीगल सिनेमासमोर, वेळ ६:३०. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला जो मेसेज गेला त्यात ‘रीगल’ असंच लिहिलं होतं, मी आता पुन्हा उघडून पाहिला. बाकीचे पाच जण ६:३५ पर्यंत आले. बरोबर ६:४० ला माझी पत्नी त्यांना घेऊन गेटवेकडे निघाली. वॉक तेव्हा सुरू झाला. तुमचा कॅमेरा माझ्या बॅगेत होता, म्हणून मी एकटा रीगलच्या चौकात थांबलो. ६:४५ ला आणि ६:५५ ला फोन केला, उचलला गेला नाही. ७:०५ ला तुमचा फोन आला, ‘मी कधीचा सीएसएमटीसमोर उभा आहे.’ टॅक्सीने तुम्ही पोचलात तेव्हा साडेसात झाले होते.

जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं, जेव्हा बंदराचं पाणी आणि आभाळ एकाच निळ्या रंगाचं असतं आणि नांगरलेल्या लाँचींचे दिवे अजून पेटलेले असतात, त्यासाठी तर एवढ्या लवकर बोलावतो. आपल्याकडे सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ वर चढतो. वीस मिनिटं उशीर झाला की तो उजेड गेलाच. तुमचा तो उजेड हुकला याचं मला वाईट वाटतं. त्या दिवशी माझाही हुकला, कारण मी चौकात उभा होतो.

सीएसएमटीवर ऊन नव्हतं, हे खरं आहे. पण त्या इमारतीचं दर्शनी तोंड पश्चिमेला आहे. सकाळी नऊला सूर्य तिच्या पाठीमागे असतो, त्याला कुणीच काही करू शकत नाही. राजाबाई टॉवरचं आणि एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांचंही तेच. म्हणून तर मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही मार्ग उलटा केला. आधी सीएसएमटीहून निघायचो, आता पूर्वेला समुद्राकडे तोंड असलेल्या गेटवेपासून सुरुवात करतो. मग ओव्हल मैदानावर राजाबाई टॉवरकडे पाठ करून उभं राहायचं, कारण समोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या गोल गच्च्यांवर तेव्हा समोरून ऊन पडलेलं असतं. सीएसएमटी सगळ्यात शेवटी घेतो, आणि तिथे इमारतीचे नव्हे, बाहेर पडणाऱ्या माणसांचे, त्यांच्या लांब सावल्यांचे फोटो काढायला सांगतो. तुम्हाला हे चालता चालता सांगितलं होतं. घाईघाईत सांगितलं असेल, तेही मान्य करतो, कारण पुढचे पाच जण गाठायचे होते.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्या बुकिंगच्या पानावर वरचा मोठा फोटो अजून सीएसएमटीचाच आहे, जुन्या मार्गाच्या वेळचा, आणि त्याखाली ‘इथून सुरुवात’ असं लिहिलेलं राहून गेलंय. तुम्ही त्यावरून गेला असाल तर तुम्ही वेळेवर आला होतात. हे मी नाकारत नाही. फोटो आजच बदलतो. पण मेसेज वाचला असता, किंवा फोन उचलला असता, तर पंधरा मिनिटांत सगळं सावरलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

वॉक नऊला संपतो. बाकीचे गेल्यावर तुमच्यासाठी मी ९:४० पर्यंत सीएसएमटीसमोर थांबलो, स्नॅप फोकस दाखवला, दोन मीटरवर फोकस लावून न थांबता चालत्या माणसाचा फोटो कसा घ्यायचा ते तुमच्याकडून करून घेतलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि घ्यायचेही नव्हते. रिव्ह्यूमध्ये त्याचा एक शब्द असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही दोघंच हे चालवतो. आठवड्यातून एक सकाळ, सहा माणसं, कॅमेऱ्यासकट माणशी १,८०० रुपये. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून पुढच्या रविवारच्या दोन बुकिंग रद्द झाल्या. कारण कुणी सांगितलं नाही, पण आम्हाला कळतं. तारे बदला असं मी म्हणणार नाही. फक्त ते ‘साडेसातला सुरू केलं’ एवढं वाक्य जमलं तर दुरुस्त करा. त्या पाच जणांकडे ६:५० पासूनचे फोटो आहेत.

यापुढे आदल्या रात्री मेसेजबरोबर फोनही करू. सेन्सर तपासणं चुकणार नाही. संध्याकाळची एक बॅच काढावी असं बरेच जण सांगतात, तेही बघतो, जमेल तसं.

आणि तुम्ही एखाद्या संध्याकाळी पाच वाजता सीएसएमटीसमोर या. या वेळी खरोखर सीएसएमटीसमोरच. पैसे नकोत. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्याआधीचा तासभर त्या दगडावर पिवळं ऊन असतं. साफ केलेला कॅमेरा, भरलेली बॅटरी घेऊन मी पावणेपाचलाच तिथे उभा असेन.