चक्रधरचा राग का येतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण इतक्या सविस्तरपणे प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांवरील लेखात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’विषयी लिहिताना, चक्रधर विध्वंसचा मला राग आला असे मी म्हटले होते. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या नायकाला आजच्या नीतीने तपासणे अन्यायाचे आहे, आणि असा राग ही वाचकाची खासगी बाब असल्याने समीक्षेत तिला स्थान नाही, असा आपला आक्षेप आहे. त्यातील पहिला भाग विचार करण्याजोगा आहे. दुसरा मला मुळीच मान्य नाही.

चक्रधरचे हात बांधलेले होते, हे आपले म्हणणे खरेच आहे. तो युरोपातून मुंबईला परततो त्या बोटीवर हिटलरच्या राजवटीने देशोधडीला लावलेले ज्यू आहेत, मुंबई ब्रिटिशांच्या ताब्यात आहे आणि तेथे उतरणे त्या निर्वासितांपैकी एक असलेल्या, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या हॅर्टाच्या हाती नाही. व्हिसाशिवाय उतरता येईल असे शांघायसारखे बंदर त्या काळी जगात विरळाच होते, म्हणून तर हजारो निर्वासित तिकडे गेले. तेव्हा त्याने तिला मुंबईत का उतरवून घेतले नाही, हा माझा प्रश्नच नाही. माझा राग आधीच्या पानांवरचा आहे. उमाबरोबरच्या पूर्वीच्या प्रेमप्रकरणात दुखावलेला हा माणूस समस्त स्त्रीजातीविषयी अढी धरून हॅर्टाच्या जवळ जातो. जिच्या पायाखाली जमीनच उरलेली नाही अशा मुलीचे प्रेम तो घेत राहतो, आणि त्याचे मोल त्याला उशिरा कळते.

आणि हे सारे आपल्याला सांगतो कोण? स्वतः चक्रधरच. बेडेकरांनी निवेदन त्याच्याच तोंडी दिल्यामुळे त्याच्याविरुद्ध साक्ष देणाराही तोच ठरतो. शेवटी हॅर्टाची पत्रे येतात, तिचे मन तिच्याच शब्दांत समोर येते, आणि त्यानंतर मागची पाने पुन्हा उघडली की त्याचे प्रत्येक वाक्य वेगळे वाचले जाते. हा राग मी आजच्या काळातून तेथे नेलेला नाही. तो त्या रचनेतच आहे.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’चा (१९६०) उल्लेख आपल्याला अप्रस्तुत वाटला. वास्तविक तो याच कारणासाठी होता. कौतिकचा नवरा महादेव संसाराचे ओझे तिच्यावर टाकून मोकळा होतो, तरी त्याचा तसा राग मला आला नाही, कारण कौतिक आपल्या वऱ्हाडी बोलीत त्याला जे सुनावते, त्यात वाचकाच्या वाट्याचा रागही तीच उरकून टाकते. हॅर्टा मात्र चक्रधरला एका शब्दानेही दोष देत नाही, म्हणून तो राग वाचकाकडे येतो.

चक्रधरला पश्चात्ताप होतो, एवढे त्याला क्षमा करण्यास पुरेसे आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. त्याचा पश्चात्ताप मलाही खरा वाटतो. पण क्षमा करण्याचा अधिकार जिचा होता ती तोवर उरलेली नाही, आणि तिच्या वतीने ती मी करावी असे मला वाटत नाही.