खंड सरकतात हे फक्त मानायचे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

खंडवहनावरच्या, म्हणजे खंड सरकतात या कल्पनेवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात हा योगायोग असू शकतो. दोन खंडांवर एकच वनस्पती सापडली, तर तिचे बी वाऱ्यापाण्याने गेले असेल. उपग्रहांनी आज वर्षाला पाच सेंटिमीटर मोजले म्हणून कोट्यवधी वर्षे मागे तेवढ्यानेच गुणत जाणे हे शास्त्र नसून अंदाजपंचे आहे. आणि खंड सरकतात असे मांडणाऱ्या ज्या वेगेनरला भूशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे उडवून लावले, त्यालाच पुढे डोक्यावर घेतले, ही निव्वळ लाट. तुम्ही आयुष्यभर धरणांच्या पायाची कामे केलीत असे लिहिले आहे. दगडाशी इतका संबंध आलेल्या माणसाच्या शंकेला दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

किनाऱ्यांबद्दल तुमचे बरोबर आहे. समुद्राची पातळी शंभर मीटर खाली गेली तरी किनाऱ्याचा आकार पार बदलतो. म्हणून भूभौतिकशास्त्रज्ञ बुलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली संगणकावर खंड जुळवून पाहिले, तेव्हा किनारा घेतलाच नाही. पाण्याखाली सुमारे ९०० मीटरवर, जिथे खंडाची खरी कड उतरते, ती रेषा घेतली. जुळणी चांगली निघाली. तरीही नुसत्या जुळणीवर मी कुणाला काही मानायला सांगणार नाही.

बियांचेही मान्य करू. ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची जिभेसारखी पाने भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत सोबत ओढत आणलेल्या सोळा किलो दगडांतही ती निघाली. हे सगळे बी वाहत गेले असे घटकाभर धरा. पण हिमनदीने खडकावर काढलेले ओरखडे कसे वाहत जातील?

चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात चुनखडकाचा एक पृष्ठभाग आहे. तो घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर खाचा आहेत. भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद केली. तळाशी अडकलेले गोटे घेऊन सरकणारे बर्फ खडकाला असेच घासते. याच काळातला तालचीरचा गोट्यांचा थर ओडिशात आहे. तो बर्फाने आणून टाकला असावा, असे भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच म्हटले होते, म्हणजे वेगेनरच्या जन्माच्या चोवीस वर्षे आधी. कुठलाही सिद्धांत डोक्यात नसताना त्यांनी दगडात दिसले ते लिहिले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या.

सगळी पृथ्वीच गोठली असेल, असे म्हणता येईल का? नाही, कारण त्याच सुमारास युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण, दलदलीची कोळशाची जंगले उभी होती. शिवाय ब्राझीलमधले ओरखडे सांगतात की तिथे बर्फ आग्नेयेकडून, म्हणजे आज जिथे अटलांटिक महासागर आहे तिकडून आले. समुद्रातून निघून हिमनदी जमिनीवर चढत नाही. खंड एकत्र, दक्षिण ध्रुवाभोवती मांडले, की हे कोडे सुटते. मला विचाराल तर किनाऱ्यांच्या जुळणीपेक्षा हा पुरावा कितीतरी वजनदार आहे.

आता तुमचा सगळ्यात भक्कम आक्षेप, वेगाचा. बंगळूरसारख्या ठिकाणच्या जीपीएस केंद्रांवरून भारत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो असे दिसते. सह्याद्रीचा कातळ थिजला त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली; तो वेग तेवढ्या वर्षांनी गुणला तर ३,३०० किलोमीटर येतात. हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक आहे हे आपल्याला सह्याद्रीचा काळा कातळच सांगतो.

लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय खनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि ती खडकात कायम राहते. मोकळी टांगलेली चुंबकसूची उत्तर दाखवते, शिवाय खाली किंवा वर कलतेही. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवावर उभी. हजारो वर्षांची सरासरी धरली तर कलाच्या कोनाचा टॅन्जंट अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. हा हिशेब तुम्हीच करून पाहा. मुंबईच्या १९ अंश अक्षांशावर कल सुमारे ३५ अंश यायला हवा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे त्याच काळ्या कातळात, तो ४५ ते ५० अंशांच्या आसपास मिळतो, आणि तोही दक्षिण गोलार्धातला. म्हणजे ज्या कातळात आपले किल्ले उभे आहेत, तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला २७ ते ३१ अंशांवर थिजला. हे मोजमाप एकाच गटाने केलेले नाही. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या आयर्विंगने, मग लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्तींनीही ते केले. खंड नाही, ध्रुवच सरकला असेल असे म्हणाल, तर त्याच वयाचे युरोपातले खडक ध्रुव वेगळ्याच ठिकाणी दाखवतात, आणि एका वेळी ध्रुव दोन जागी असू शकत नाही.

दक्षिणेच्या तीस अंशांपासून उत्तरेच्या एकोणीस अंशांपर्यंत सुमारे ५,४०० किलोमीटर होतात. सरासरी वेग वर्षाला आठ सेंटिमीटर, आजच्यापेक्षा बराच जास्त. मग हा जास्तीचा वेग कधी होता? याचे उत्तर समुद्रतळात मिळाले. ओवेन या ब्रिटिश जहाजाने १९६२ साली अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येला, कार्ल्सबर्ग या बुडालेल्या पर्वतरांगेवर चुंबकीय मोजणी केली. तळावर एकाआड एक सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे दिसले. पर्वतरांगेच्या फटीतून नवा तळ जन्मतो, अधूनमधून उलटणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा धरतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, असे भूशास्त्रज्ञ व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्यावरून मांडले. पट्ट्याचे वय कळले की त्याच्या रुंदीवरून वेग निघतो. हिंदी महासागराच्या पट्ट्यांनुसार भारत एकेकाळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास धावत होता, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, आशियाला धडकल्यावर, तो वेग एकदम मंदावला. आजच्या वेगाने मागे गुणत जाणारी पद्धत हे वळण कधीच दाखवू शकली नसती. कातळ, समुद्रतळ आणि उपग्रह यांची मोजणी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या उपकरणांनी केली, आणि तिन्ही एकाच प्रवासात बसतात.

त्या धडकेत मधला टेथिस समुद्र मिटला. त्याच्या तळाचा गाळ हिमालयात वर आला आणि त्यातले अॅमोनाइट, म्हणजे शंखासारख्या कवचाच्या समुद्री जीवांचे जीवाश्म, गंडकीच्या पात्रात शाळिग्राम म्हणून सापडतात. माझ्या आजीच्या देवघरात असा एक होता. तो समुद्रातला जीव आहे हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर तो अधिकच जवळचा वाटला.

राहिली लाट. वेगेनरने जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफुर्टला आपले म्हणणे मांडले, ते कितीतरी ठिकाणी चुकलेले होते. खंडांना ढकलणारी म्हणून त्याने सांगितलेली बले फारच दुबळी होती, आणि भूभौतिकशास्त्रज्ञ जेफ्रीज यांनी ती खोडून काढली हे योग्यच झाले. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते, हा त्याचा आकडाही चूक होता. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर तो वारला, तेव्हा समुद्रतळाची अशी मोजणी कुणाकडेच नव्हती. मत बदलले ते मोजणी हाती आल्यावर. आणि लाटेबरोबर जाणाऱ्याला सोय मिळते, पण दख्खनचे दगड मोजणाऱ्या आयर्विंगला १९५४ साली केंब्रिजने पीएच.डी. दिली नाही.

तुमच्यामुळे मूळ लेखातले एक वाक्य मी आज काढून टाकले आहे: “किनारे जुळतात यावरूनच खंड सरकतात हे सिद्ध होते.” त्या जागी इरईचा खडक आणि दख्खनच्या बेसाल्टमधला तो कोन आला आहे. धरणाच्या पायाशी तुम्ही बेसाल्टचे जे गाभे काढलेत, त्यांचे कधी चुंबकीय मापन झाले असेल, तर ते आकडे पाहायला मला फार आवडेल.