‘माझं मीच ठरवलं’ म्हणणारं मूलही म्हणे आजारी!

माझ्या मावसबहिणीला तिच्या दिरानं एक फॉरवर्ड पाठवला. तोच मग आमच्या त्रिमूर्तीनगरच्या ग्रुपवर अंगठे गोळा करत फिरला. म्हणणं असं: मूल बापाला भेटायला नाही म्हणत असेल तर त्याला ‘पेरेंटल एलिनेशन सिंड्रोम’, म्हणजे आईनं कान भरल्यानं बापावर उलटण्याचा आजार, झालेला असतो, डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) तो मानलाय, सुप्रीम कोर्टानंही मानलाय, इलाज एकच, मूल आईकडून काढून बापाकडे द्या. जिची फॅमिली कोर्टात केस सुरू आहे त्या बाईला हे पाठवणं, याला आमच्याकडे दम देणं म्हणतात.

डब्ल्यूएचओचं आधी उरकते. आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या सूचीत ‘पेरेंटल एलिनेशन’ हा शब्द शिरला होता, २०२० मध्ये तो काढून टाकला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मानसिक आजारांची सूची आहे, डीएसएम-५, तिच्यातही हा सिंड्रोम नाही. झालं.

आता मूळ माल. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९८५ मध्ये हे नाव काढलं आणि आठ लक्षणं सांगितली. त्यातलं एक असं: मूल म्हणालं, ‘मला कोणी शिकवलं नाही, हे माझं मीच ठरवलं’, तर तेही लक्षण! घ्या राजेहो. आईनं शिकवलं म्हटलं तर आई दोषी, नाही म्हटलं तर आजार पक्का. माझी भाची दहा वर्षांची आहे. भेटीला काऊन जात नाही विचारलं, की बापानं भिंतीवर आपटलेल्या स्टीलच्या डब्याचं सांगते. त्या डब्याला झाकण बसत नाही, अजून त्यावर ताटली ठेवतात. या पोरीनं काय बोलावं म्हणजे ती बरी ठरेल? खरा छळ असेल तर हे लेबल लावू नये, असं गार्डनरच म्हणायचा. पण छळ झाला की नाही हे तपासायच्या आधीच लेबल चिकटतं, घात तिथं होतो. महिला आणि मुलींवरच्या हिंसाचाराबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३ च्या अहवालात हेच दाखवलं. आईनं हिंसाचाराची तक्रार केली की तिच्यावरच हे उलटवतात, सबब कौटुंबिक खटल्यांत याचा वापर कायद्यानं बंद करा, अशी त्यांची शिफारस आहे.

सुप्रीम कोर्टाचं अर्धं खरं, मानते. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या २०१७ च्या निकालात हा शब्द आहे. पण फॉरवर्डवाल्यानं निकाल शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. त्यात मुलीचा ताबा आईला मिळाला.

पोरांचे कान भरणारे आईबाप असतात, तेही खरं. मग कोण काय बोललं याचा पुरावा आणा ना, पोराला कशाला रोगी करता? आपल्याकडे १८९० पासूनचा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट आहे. त्याचं कलम १७ सांगतं, की मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याचं मत विचारात घेऊ शकतं.

ताई तो मेसेज डिलीट करणार होती. मी म्हटलं, राहू दे, स्क्रीनशॉट काढ आणि वकिलाला पाठव.