किट शून्य दाखवतंय म्हणून लोह वाढवू नका: एका तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार आणि खालचा मजकूर दोन्ही नीट वाचले. तुमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं शेवाळ हिरवं राहावं म्हणून तुम्ही लोहाचं सप्लिमेंट आणि पाण्यातलं लोह मोजणारं आयर्न टेस्ट किट आमच्याकडून नेलं. तुमचं म्हणणं असं की ते किट महिनाभर शून्यच दाखवत होतं, म्हणजे ते बोगस. किट शून्य दाखवत असतानाही आम्ही 'सप्लिमेंट आठवड्याला एक मिली, त्याच्या वर जाऊ नका' असं सांगत राहिलो, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. शेवटी वैतागून तुम्ही कृषी सेवा केंद्रातून मायक्रोन्युट्रिएंटची बाटली आणली आणि पाच मिली ओतलं. त्यानंतर किटला गडद जांभळा रंग आला, पण शेवाळ काही हिरवं झालं नाही, उलट चार दिवसांत शंख आणि कोळंब्या मेल्या. आणि इतकं होऊनही आम्ही किट परत घेतलं नाही.

आधी टाकीचं बघू, किटचं नंतर. तुमच्या टाकीत अजून जे जिवंत आहे त्याची मला जास्त काळजी आहे.

त्या बाटलीच्या मागचं लेबल वाचा. फवारणीची ग्रेड २ असेल तर त्यात लोह २.५ टक्के, जस्त ३, मंगल (मँगनीज) १, तांबं १, बोरॉन ०.५ आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्का असतं. डाळिंबाला, उसाला हे सगळंच लागतं, त्यामुळे बाटलीत खोट काही नाही. पण पाच मिलीबरोबर तुमच्या दोनशे लिटरच्या टाकीत साधारण ५० मिलिग्रॅम तांबं गेलं. लिटरला ०.२५ मिलिग्रॅम झालं, आणि दगड-वाळूनं अडवलेली जागा धरली तर त्याहून जास्त. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध देतात ते ०.१५ ते ०.२० च्या दरम्यान ठेवतात, तेही वेगळ्या टाकीत, कारण एवढ्या तांब्यात शंख-कोळंबी टिकत नाहीत. चिलेटमधलं, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं, तांबं मोकळ्या तांब्यापेक्षा सौम्य असतं हे खरं, पण तुमच्या कोळंब्यांनी काय ते सांगितलंच आहे. फार वाईट वाटलं वाचून.

तेव्हा आजच निदान तीस टक्के पाणी बदला, दोन दिवसांनी पुन्हा बदला. नव्या पाण्याचा खारेपणा आणि तापमान जुळवल्याशिवाय ओतू नका, सध्याच्या उन्हात बादलीतलं पाणी किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. फिल्टरमधला जुना कार्बन काढून ताजा घाला, आणि तांबं शोषणारं रेझिन मिळतं तेही एका पिशवीत घालून संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, ठेवा. नवे शंख लगेच आणू नका. चुन्याचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे तांब्याच्या किटवर शून्य आलं तरी आधी एकच शंख सोडून आठ-दहा दिवस बघा.

आता किट. सर, ते किट चालतं याचा पुरावा तुमच्याच तक्रारीत आहे. त्या पाच मिलीतून टाकीत सव्वाशे मिलिग्रॅम लोह गेलं, म्हणजे लिटरला ०.६ मिलिग्रॅमच्या वर, आणि किटला गडद रंग आला. त्याआधी ते शून्य दाखवत होतं कारण त्याला दिसण्याइतकं लोह पाण्यात नव्हतं. अशा थेंबांच्या किटला साधारण ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचं दिसतच नाही. आमच्याकडून तुम्ही घेतलेल्या सप्लिमेंटमध्ये एका मिलीला एक मिलिग्रॅम लोह आहे. दोनशे लिटरमध्ये एक मिली टाकलं की झालं ०.००५. पहिली फिकट छटा दिसायलाच तुम्हाला दहा मिली एकदम ओतावे लागले असते.

आणि समुद्रात किती असतं? खुल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात लिटरला एका मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. आठवड्याचा तो एक मिली टाकल्यावर तुमच्या टाकीत समुद्राच्या निदान पन्नास पट लोह झालेलं असतं, आणि किट तरीही शून्य. म्हणून काउंटरवर सांगितलं होतं तेच पुन्हा लिहितो: हे किट लोह कमी आहे का ते सांगत नाही, जास्त झालंय का एवढंच सांगतं. त्यावर काहीही रंग आला की डोस थांबवायचा. बाहेर प्रयोगशाळेत पाणी पाठवून त्यातले घटक मोजणारी आयसीपी चाचणी करून घेतात, तिच्यावरही चांगल्या चाललेल्या टाकीत लोह अनेकदा शून्यच येतं.

मग डोस ठरवायचा कशावर? शेवाळाच्या रंगावर आणि वाढीवर, आणि त्याच्याही आधी नायट्रेट-फॉस्फेटवर, म्हणजे शेवाळाच्या मुख्य अन्नावर. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न दुकानात पुन्हा पुन्हा येतो आणि इथेच माणसं फसतात.

आपल्या भागात चुनखडीच्या रानात उसाच्या खोडव्यावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात. मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्यामुळे ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३, तिथेही तेच होतं. साधं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर काही मिनिटांत त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. म्हणून लोह चिलेटमध्ये बांधून देतात. ईडीटीए या रसायनाचं चिलेट प्रकाशात तुटत राहतं, त्यामुळे ते थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा द्यायचं असतं, एकदम ओतून उपयोग नाही. इथपर्यंत ऊस आणि टाकी सारखेच. पण उसात लोहाची कमतरता नव्या पानावर दिसते, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, तर नत्राची कमतरता जुन्या पानावर आधी दिसते. शेतकरी नुसता बघून सांगू शकतो. तुमच्या टाकीतल्या शेवाळाला, कीटोमॉर्फाला, ना जुनं पान ना नवं, ना शिरा. हिरव्या तारांचा गुंता तो, पिवळा पडला तर सगळाच पडतो. नायट्रेट संपलं तरी पिवळा, लोह संपलं तरी पिवळा.

तुम्ही दुकानात आणलेल्या पाण्यात नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य होतं, ती चिठ्ठी तुमच्याकडे असेल. फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारा स्किमर जोरात, फॉस्फेट रिमूव्हर चालू, मासे फक्त तीन. त्या शेवाळाला खायलाच काही नव्हतं. लोहाची कमाल दिसते ती बाकीचं अन्न शिल्लक असेल तिथे. १९९३ मध्ये गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी लोह सोडलं तेव्हा सूक्ष्म वनस्पती वाढल्या, कारण त्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर होतं, अडलं होतं ते लोहावाचून. उलट २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात लोह घातलं, तिथे डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढल्याच नाहीत, कारण त्यांना लागणारी सिलिका पाण्यात संपलेली होती. एवढ्या मोठ्या समुद्राला जो नियम, तोच तुमच्या दोनशे लिटरला.

जास्तीचं लोह वाया जातं एवढंच असतं तर मी इतकं ताणून धरलं नसतं. ते भलत्याच्या तोंडी पडतं. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा प्रवाळबेटावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज बुडालं. त्याच्या भोवतालच्या प्रवाळावर पुढे प्रवाळाच्याच नात्यातल्या, 'मशरूम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जीवाने सतरंजी पसरावी तसा कब्जा केला, आणि जहाजातून झिरपणाऱ्या लोहाकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. तुमच्या काचेवर जो तपकिरी थर आलाय असं तुम्ही लिहिलंय, त्यालाही हे आयतं मिळालेलं लोह चालतं.

तेव्हा पाणी सावरलं की आधी फॉस्फेट रिमूव्हर काढा, माशांना थोडं जास्त खायला द्या, नायट्रेट लिटरला २ ते ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०५ च्या आसपास येऊ द्या. त्यानंतर दोन आठवड्यांत कीटो हिरवा झाला नाही, तरच लोह द्या, तोच आठवड्याचा एक मिली. तोपर्यंत थेंबभरही नको, सध्या टाकीत आहे तेच खूप झालं.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. उघडलेलं किट आम्ही परत घेत नाही, ते बिलावर छापलेलं आहे आणि घेताना सांगतोही. रसायनाची सील तुटलेली बाटली दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणं मला पटत नाही. पण किट खराब निघालं तर बदलून देतो, त्यात तुमच्याशी वाद घालणार नाही. तपासायची पद्धत घरीही जमते. टाकीचं नको, नव्याने मिसळलेलं एक लिटर खारं पाणी घ्या. लाल टोपीची ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज मिळते, तिच्यावरचे ४ युनिट म्हणजे ०.१ मिली. तेवढं सप्लिमेंट त्यात घाला, पाण्यात ०.१ मिलिग्रॅम लोह झालं. त्यावर टेस्ट करा. परीक्षानळी नळाखाली धुऊ नका, आपल्याकडे चार-पाच दिवसांचं साठवलेलं पाणी, त्यात बोअरचं मिसळलेलं आणि जुने लोखंडी पाइप. आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार पूर्ण काढलेल्या, पाण्याने विसळा. नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून खाली बघा, बाजूने नाही. आणि घाई करू नका, चिलेटमधून लोह सुटून रंग यायला अर्धा तास लागू शकतो. अर्ध्या तासानेही रंग आला नाही, तर किट खराब आहे. घेऊन या, नवं घेऊन जा.

येताना ती बाटलीसुद्धा आणा, लेबल एकत्र वाचू. टाकीचं अर्धा लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत आणा, भरण्याआधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या. तांबं, नायट्रेट, फॉस्फेट तिन्ही तुमच्यासमोर बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. संध्याकाळी सहानंतर मी स्वतः काउंटरवर असतो. पण पाणी मात्र आजच बदला, माझ्याकडे येईपर्यंत थांबू नका.